उतरत्या आचेची भट्टी

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात आणि मग खायला काय आणलंस म्हणून विचारतात. मी बेकऱ्यांच्या भट्ट्यांची उष्णता आखतो. भट्टीचा सांगाडा बांधणारे वेगळे, पत्रा वाकवणारे वेगळे. आत कॉइल किती, गॅसचा बर्नर कुठे, कोणता भाग कधी तापेल आणि कधी गप्प बसेल, एवढंच माझ्याकडे. आमचं छोटं वर्कशॉप ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आणि घर ठाकुर्लीला. वीसेक वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे आहे: एकाच भट्टीत सकाळी पाव, दुपारी खारी, नंतर टोस्ट असं सगळं भाजता यावं, आणि वीज गेली तर गॅसवर, गॅस गेला तर विजेवर तिचं काम चालू राहावं. आमच्या माहितीपत्रकात अशा भट्टीला 'लवचीक' म्हटलंय. ती आखणारा माणूस मात्र काठीसारखा ताठ आहे, असं माझी बायको म्हणते. तिच्याशी मी वाद घालत नाही.

ज्या दिवाळीबद्दल सांगतोय तिच्या आधीच्या श्रावणात डॉक्टरांनी आईची औषधं थांबवू या म्हणून सुचवलं. आता त्रासच जास्त होतोय, उपयोग काही नाही, असं ते म्हणाले. मी मान डोलावली, खाली येऊन स्कूटर काढली आणि वाटेत बायकोने सांगितलेली कोथिंबीर घेतली. मला काही वाटलं नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. रडू येईल म्हणून दोन-चार दिवस वाट बघितली, मग तीही सोडून दिली. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं ते अंगभर होतं. बायको बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. तिचा हेवा वाटायला हवा होता, पण तोही धड वाटला नाही. मी वेळेवर जेवायचो, वेळेवर झोपायचो आणि कामावर एक दिवसही खाडा केला नाही.

आईचं उलटं होतं. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेलेली, वासही धड येत नव्हता, बाकी सगळं ठिकाणावर. चहा म्हणजे कोमट पाणी आणि आमटी म्हणजे पिवळं कोमट पाणी, असं ती सगळ्यांना सांगायची, वर रोज आमटीत काय कमी पडलंय ते रंगावरून ओळखायची. नवरात्रात एकदा तिने मला पलंगापाशी बसवून घेतलं आणि यंदाच्या दिवाळीचं ठरवून टाकलं. चकली-चिवडा तुम्ही करा नाहीतर विकत आणा, पण नानकटाई मी करणार. आणि ती नीट भाजून आली पाहिजे, तळ लालसर आणि वर भेगा. पुढच्या वर्षी मी नाही, तेव्हा ही शेवटची आणि ती वाया जायला नको. सगळं असं बोलली, जसं काही दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाकायला सांगतेय. मीही बरं म्हणालो. त्यानंतर ती संक्रांतीपर्यंत होती.

आमच्याकडे नानकटाई घरी भाजत नाहीत. पीठ घरी मळायचं, डबा घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या लांब टेबलापाशी आपला नंबर येईपर्यंत गप्पा मारत बसायचं, मग बेकरीच्या पत्र्यावर गोळे वळून मांडायचे आणि भट्टीवाल्याच्या हवाली करायचे. दिवाळीच्या आधी आठवडाभर त्या टेबलाशी जागा मिळत नाही. प्रत्येक घरचं पीठ निराळं. कुणाचं नुसत्या मैद्याचं, कुणाचं रवा-बेसन घातलेलं, कुणाचं साजूक तुपातलं, कुणाचं डालड्यातलं. पत्रे एकमेकांत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात, शेवटच्या गोळ्याखाली दाबून, नावाची चिठ्ठी. जुन्या कॅलेंडरचा नाहीतर वहीचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने नाव. आम्ही आधी कल्याणला राहायचो, तेव्हापासून आई तिथल्या एकाच बेकरीत जायची. ठाकुर्लीला आल्यावरही तिने ती सोडली नाही.

आणि नेमक्या त्याच बेकरीचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. लाकडाच्या भट्ट्या बंद करा अशी नोटीस मालकाला आलेली. मालक शांत माणूस, वडिलांची बेकरी चालवणारा. त्याला दसऱ्याच्या आत नवी भट्टी हवी होती. मी मन लावून काम केलं, असं म्हणता येणार नाही, कारण मन कुठे होतं कोण जाणे. पण काम चोख केलं. तीन मजली भट्टी, प्रत्येक मजल्याला दगडी फरशी, फरशीखाली कॉइलचे तीन गट, वर तीन गट, प्रत्येक गट वेगळा चालू-बंद होणारा, शिवाय गॅस. आतली हवा फिरवायला पंखा. पत्रा आत गेला आणि उष्णता जराशी उतरली, की कॉइल लगेच पेटून ती भरून काढायच्या. या तत्परतेवर मी खूश होतो. पाव उत्तम आला, खारी उत्तम आली, बेकरीच्या स्वतःच्या डालड्याच्या नानकटाईचा एक पत्राही बरा आला. दसऱ्याला मालकाने भट्टीच्या बटणांच्या पॅनलला झेंडूचा हार घातला.

एक सुधारणा मी माझ्या मनाने केली होती. पंख्याने कागद उडून कॉइलवर पडला तर पेट घेईल, म्हणून चिठ्ठ्या बंद. त्यांच्याऐवजी नंबर ठोकलेले ॲल्युमिनियमचे गोल बिल्ले. एक बिल्ला पत्र्यावर, त्याच नंबरचा दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात. तिथल्या भट्टीवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. मूळचे उत्तरेकडचे, पण चाळीसेक वर्षं कल्याणात काढलेली, मराठी आपल्यासारखंच बोलतात. त्यांनी बिल्ले हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि ठीक आहे साहेब म्हणाले. चिठ्ठी कशाला लागायची, हे मी विचारलं नाही. नावासाठी लागत असणार, यात विचारायचं काय, असं मला वाटलं.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी आईने पीठ मळलं. मी कामावर होतो. बायकोने सांगितलं, पलंगावर उशा लावून बसली होती, समोर स्टुलावर परात, आणि तूप फेटायला तिला तासभर लागला. मध्ये दोनदा आडवी झाली, पण परातीला दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी काढून मी डबा घेऊन स्कूटरवरून कल्याणला गेलो. टेबलापाशी बसलेल्या बायकांनी माझे गोळे बघून, हे काय डिंकाचे लाडू आहेत का, असं विचारलं आणि दोघीतिघींनी मिळून सगळे पुन्हा वळून दिले. पत्रा मी स्वतः आत सरकवला. पॅनलवर एकशे सत्तर अंश, घड्याळात चौदा मिनिटं.

आठव्या मिनिटाला उस्ताद जवळ आले आणि जरा उघडून बघू का म्हणाले. मी नको म्हटलं. दार उघडलं की उष्णता जाते, आणि बघायचं काय आहे, पॅनलवर दिसतंय सगळं. ते मागे झाले. चौदा मिनिटांनी घंटी वाजली, मी पत्रा बाहेर ओढला. वरून नानकटाई पांढरीफटक, एक भेग नाही, आणि खालून काळी. त्या दुपारी आईच्या पत्र्यामागोमाग गेलेले आणखी तीन पत्रे तसेच निघाले. एका बाईने आपली नानकटाई उलटी करून बघितली आणि ही भट्टी आहे की तवा, असं मालकाला विचारलं. मालकाने बाकीच्यांचे डबे परत केले, परवा या म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटायला हवी होती. मी फक्त घड्याळ बघितलं.

पुढे जे केलं ते लिहायला मात्र आता लाज वाटते. बेकरीतली किसणी मागून घेतली आणि मागच्या बाजूला पिठाच्या पोत्यांवर बसून एकेक नानकटाई उलटी करून तिचा काळा तळ किसून काढला. जवळजवळ पाऊण तास लागला. पँटवर काळा भुगा पडला तो झटकला, नानकटाई डब्यात उलटीसुलटी न होता नीट बसवली, वर कागद घातला आणि घरी आलो.

आईने डबा मांडीवर घेतला, एक उचलली, आधी उलटी केली आणि तळावरून अंगठा फिरवला.

"छान झालीय," मी म्हणालो.

"किसलीस?"

मी डब्यातल्या कागदाची घडी करू लागलो. ती म्हणाली, अरे माझी चव गेलीय, डोळे नाही गेलेले. तळ किसलेला लाकडासारखा खरखरीत लागतो, भाजलेला लागत नाही. मी भट्टी नवीन आहे, अजून बसायची आहे, असं काहीबाही सांगायला लागलो तेव्हा तिने हात वर करून थांबवलं.

"निम्मंच पीठ दिलं होतं तुझ्याकडे. निम्मं फ्रिजमध्ये आहे."

"का?"

"तुझ्या भट्टीचा भरवसा नव्हता मला."

बायको दारात उभी होती. तिलाही हे ठाऊक होतं, चेहऱ्यावरून कळत होतं. सासू-सुनेचं एरवी मिठापासून पडद्यापर्यंत कशावर एकमत नाही, इथे बरोबर झालं. आई म्हणाली, आता हे शेवटचं. माझ्यात पुन्हा मळायची ताकद नाही. दोन दिवस घे, पण भट्टी सुधारल्याशिवाय पीठ नेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपला गेलो आणि पॅनलमधून आणलेल्या नोंदींवरून भट्टीच्या आदल्या दिवसाच्या उष्णतेचा आलेख कागदावर काढून बघितला. रेघ सरळ होती. एकशे सत्तरवर सुरू आणि एकशे सत्तरवरच संपलेली. माझ्या वीस वर्षांच्या कामात इतकी सरळ रेघ क्वचित आली असेल. तिच्यात चूक काय ते मला दिसेना. स्कूटर पंक्चर होती, म्हणून खोपटच्या एसटी स्टँडला जाऊन कल्याणची एसटी धरली. गाडीत तो कागद मांडीवर ठेवून बसून राहिलो. भिवंडीचा फाटा कधी गेला कळलं नाही.

उस्ताद बेकरीच्या मागच्या पायरीवर चहा पीत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि भट्टी लावल्यापासून पहिल्यांदा त्यांना काहीतरी विचारलं. काल तुम्ही उघडून काय बघणार होतात?

"चिठ्ठी बघायचो साहेब. आता काय बघणार? बिल्ला लाल होत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. गोळ्याखाली दाबलेल्या चिठ्ठीचं बाहेर राहिलेलं टोक भट्टीत रंग बदलतं. आधी पिवळं, मग पातळ चहासारखं, मग कडक चहासारखं. पातळ चहा दिसला की पत्रा फिरवायचा, कडक दिसला की काढायचा. साजूक तुपाचा असेल तर त्याच्याही जरा आधी. टोक काळं पडलं तर त्या कोपऱ्याला आच जास्त. तुपाचा रंग घराघराला वेगळा, पिठाचा वेगळा, पण कागद सगळ्यांचा कागद. चाळीस वर्षं ते नावं वाचत नव्हते, आच वाचत होते. आणि मी ती सुधारणा म्हणून काढून टाकली होती. तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही शिकलेले, मला वाटलं तुमच्या मशीनला कळत असेल.

दुसरी गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली.

"लाकडाची भट्टी दिवसभर उतरत जाते साहेब. नानकटाईला उतरती आच लागते. तुमची भट्टी उतरतच नाही. जरा उतरली की धावत चढते."

खरं होतं. विटांची भट्टी पहाटे एकदा तापवली, की पुढे ती फक्त निवते. कडक असते तेव्हा पाव, मग खारी, आणि शेवटच्या मऊ आचेला नानकटाई. तिथे मध्येच कुणी लाकूड घालत नाही. माझ्या भट्टीत थंड पत्रा गेला, की खालच्या कॉइल घाबरून पूर्ण पेटायच्या, आणि वर बसवलेल्या उष्णतामापकाला त्याची खबर पोहोचेपर्यंत तळ जळून जायचा. डालड्याच्या पिठाने ते सोसलं होतं, साजूक तुपाने सोसलं नाही. आलेखातली सरळ रेघ हीच चूक होती.

ती दुपार आणि दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ आम्ही दोघं भट्टीपुढे होतो. पंखा बंद केला. रिकाम्या पत्र्यावर कॅलेंडरच्या पानाचे तुकडे ओळीने मांडून, वर लहान लहान गोळे ठेवून दाबले आणि दर दोन मिनिटांनी दार उघडून बघत गेलो. कुठलं टोक आधी चहाचं होतंय, ते उस्ताद सांगायचे आणि मी पॅनलवर त्या त्या गटाची उष्णता कमी करायचो. पत्रा आत जाताना खालचे तिन्ही गट बंद, फरशीत जी धग असेल तीच. वरचा मधला गट अगदी मंद. वीस मिनिटांत उष्णता एकशे ऐंशीवरून दीडशेपर्यंत उतरू द्यायची आणि मध्ये काही झालं तरी कॉइलनी धावत यायचं नाही. थोडक्यात, मी भट्टीला जरा कमी हुशार केलं. मालकाने साजूक तुपाचं थोडं पीठ करून दिलं. त्याचे तीन पत्रे बिघडले, चौथा बरा आला, पाचव्याला उस्तादांनी मान हलवली. बिल्ल्यांची पिशवी मी परत नेली.

धनत्रयोदशीला दुपारी मी आईचं उरलेलं पीठ नेलं. फ्रिजमध्ये राहून ते दगड झालेलं. उस्तादांनी ते दोन्ही तळव्यांत घेऊन इतकं हळूहळू सैल केलं, की मला तिथून बाजूला व्हावंसं वाटलं. मी चिठ्ठीवर 'आई' लिहिलं. त्यांनी ती परत दिली आणि इथे सगळ्यांच्याच आया येतात, नाव लिहा, असं सांगितलं. मी आईचं नाव लिहिलं. या वेळी पॅनलकडे बघितलं नाही. त्यांनी दार उघडलं, वाकून बघितलं, पत्रा फिरवला, पुन्हा वाकून बघितलं आणि काढला. वर बारीक भेगा, खाली लालसर रंग. टेबलापाशी बसलेल्या बायका बघायला उठल्या. उस्तादांनी चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली, ती अजून गरम होती. मी तिची घडी करून खिशात ठेवली आणि घरी पोहोचेपर्यंत विसरूनही गेलो.

आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. मला बघून उठवायला सांगितलं. पाठीला उशी लावली, डबा मांडीवर दिला. तिने एक उचलली, उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला. मग दुसरी. मग तिसरी. मला वाटतं सात-आठ तरी बघितल्या. शेवटी एकीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली.

"खुसखुशीत आहे. एवढं दातांना कळतं. चव तू सांग."

मी एक घेतली, खाल्ली. म्हणालो, फार छान झालीय. तूप बरोबर लागतंय, साखर बेताची आहे, वेलची थोडी पुढे आलीय पण चांगली लागते.

आई चावायची थांबली.

"वेलची घातलेलीच नाही मी. संपली होती. जायफळ आहे."

मी हातातल्या अर्ध्या नानकटाईकडे बघितलं. खरं म्हणजे मला काहीच लागलं नव्हतं. दर वर्षी वेलची असते म्हणून मी वेलची म्हटलं होतं. तूप, साखर हेही तसंच म्हटलं होतं. गेले तीन महिने मी आमटीला छान आणि चहाला बरा म्हणत होतो तेही असंच. आईने माझा चेहरा जरा वेळ न्याहाळला. रागावली नव्हती.

"तुलाही लागत नाही का रे?"

"नाही."

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

श्रावणात काय झालं ते तिला ठाऊक होतं. माझ्या हातातला तुकडा काढून घेऊन तिने परत डब्यात ठेवला आणि सुनेला हाक मारली. बायको हात पुसत आली. आई तिला म्हणाली, खा आणि खरं सांग, या घरात एकच जीभ ठिकाणावर उरलीय. बायकोने उभ्याउभ्याच खाल्ली. जायफळ मस्त लागतंय, तूप भरपूर आहे, मीठ किंचित कमी, असं तिने सांगितलं. मीठ कमी कसं, चिमूट घातलंय मी, असं म्हणून आईने तिला आणखी एक खायला लावली. बायको खाता खाता रडायला लागली आणि तरी मीठ कमीच आहे म्हणाली.

त्या दोघी मिठावरून बोलत राहिल्या. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. आईने बोलता बोलता माझा हात धरला. तिचा हात गार होता. तो गार आहे हे मला कळलं, आणि श्रावणापासून पहिल्यांदाच मला भीती वाटली.